चटणी कुटणारी हौसाक्का

परवा सूनबाईनं गिरणीशेजारच्या डंकावरून चटणी कुटून आणली. तीन किलो मिरची, पाऊण तासात काम खलास. डबा उघडून बघितला, रंग झकास होता. पण डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, ना तिच्या ना माझ्या. मी म्हटलं, "अगं, ही कसली चटणी? कुणी रडलंच नाही हिच्यापायी!" ती हसली. म्हातारीचं काहीतरी चाललंय, असं मनात म्हणाली असेल. तिला हौसाक्का कुठं ठाऊक? तोंडानं सांगायला बसले तर तिचा स्वयंपाक राहील, म्हणून लिहूनच ठेवते. शाळेचं तोंड मी कधी पाहिलं नाही, भावाच्या पाटीवर बघून बघून अक्षरं शिकले. तेव्हा चुकलंमाकलं तुम्ही सांभाळून घ्या.

आमचं गाव कृष्णाकाठचं. आता सांगली जिल्ह्यात येतं, तेव्हा सातारचंच म्हणायचे. सोळाव्या वर्षी मी तिथं नवरी म्हणून आले, तेव्हा ती मोठी लढाई चालू होती. आमच्या आळीत दहा घरं, आणि त्यातल्या सहा घरचे बापये पलटणीत. हौसाक्काचं घर आमच्या घराला लागून. मधली भिंत आढ्यापर्यंत गेलेलीच नव्हती. त्यामुळं त्यांच्या चुलीवरचं कालवण करपलं की आम्ही इकडून ओरडायचं, आणि आमचं भांडण झालं की हौसाक्का तिकडून निवाडा द्यायची. "शेवंते, चूक तुजीच हाय गं! पर त्येलाबी एवढं वराडायचं काय कारण न्हवतं!" आमचे मालक बिचारे गप व्हायचे.

हौसाक्का असेल तेव्हा चोविसेक वर्षांची. उंचपुरी, घागरी वाहून एक खांदा जरा उतरलेला, आणि हसणं असं की पाणवठ्यावर ती हसली तर वेशीपर्यंत कळावं. मूलबाळ नव्हतं. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा, दादू, ब्रह्मदेशाच्या लढाईवर गेला. घरात सासू गंगाबाई, आणि धाकटा दीर धोंडिबा. धोंडिबा कष्टाळू, मनाचा चांगला, पण तोंडात तीळ भिजायचा नाही. त्याला सांगितलं म्हणजे चावडीवर दवंडी दिली.

गंगाबाईंना सगळे आत्याबाई म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असे तिखट की अंगणात मांजर कुठल्या अंगानं गेलं ते सांगतील. पोटची दोन पोरं एका आठवड्यात तापानं गेलेली, राहिले हे दोघे. त्यातल्या दादूवर जीव. एके दिवशी सरकारी कागद आला, दादू बेपत्ता आहे म्हणून. आत्याबाईंनी अन्न सोडलं. चार दिवस पाण्यावर. पाचव्या दिवशी हौसाक्का भाकरीचं ताट घेऊन समोर बसली आणि आपली दोन्ही मनगटं तिनं सासूच्या हातात दिली.

"चाचपून बगा आत्याबाई. बांगड्या हाईत का न्हाईत?"

"हाईत."

"मग? ह्या हाईत तवर तुमचा ल्योक हाय. बायकुला आदी कळतं. खावा आता."

म्हातारी जेवली. तेव्हापासून रोज पहाटे आवाज यायचा, "हौसा, हात वाजीव गं." हौसाक्का चुलीपुढून हात हलवायची, काकणं वाजायची, मगच म्हातारी चहाचा घोट घ्यायची. आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. सासूला धीर द्यायला तिनं हे केलं, अगदी खऱ्या मनानं. तिला तरी कुठं माहीत होतं की स्वतःच्याच हातानं आपण आपल्याला दावं बांधतोय.

सहाआठ महिन्यांनी पत्र आलं. टपालवाला आला तेव्हा धोंडिबा रानात होता. आळीत वाचता येणारी बाई मी एकटीच, आणि मीही अशी की माझी एक ओळ होईतो ऐकणाऱ्यानं पान खाऊन चूळ भरून यावं. हौसाक्कानं मला आत, चुलीपाशी नेलं. आत्याबाई सोप्यात. मी एकेक अक्षर जुळवत होते. पत्र दादूच्या पलटणीतल्या मित्राचं, बिरूचं, दवाखान्यातून दुसऱ्या कुणाकडून लिहवलेलं. मी मनात वाचलं आणि कागद खाली घेतला. हौसाक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. "वाच," ती ओठांनी म्हणाली. मी तिच्या कानाला लागून वाचलं: दादू माझ्या मांडीवर गेला, माती मी दिली, आईला तुम्ही सांभाळा.

तेवढ्यात सोप्यातून हाक, "कुणाचं गं पत्र? दादूचं का?"

मी सांगते, एक श्वास घ्यायला लागतो तेवढाही वेळ गेला नाही. "व्हय आत्याबाई," हौसाक्का म्हणाली. आवाज तोच, पाणवठ्यावरचा. "बरं हाय म्हंत्यात. कैदेत हाईत, पर खाऊनपिऊन बरं हाईत."

"मोट्यानं वाच की गं शेवंते! मलाबी ऐकू दे!"

आणि मी वाचलं हो. त्या कागदावर नसलेलं सगळं वाचलं. आईस साष्टांग नमस्कार, धोंडिबास आशीर्वाद, खिल्लारी बैल विकू नये. म्हातारी डोळे पुसत म्हणत होती, "बैलाची आटवन हाय बगा लेकराला." वाचून संपलं तसा हौसाक्कानं कागद माझ्या हातातून घेतला, चुलीत सारला, आणि तव्यावरची भाकरी उलटली. भाकरी करपली नव्हती. ते मला अजून दिसतं.

दुसऱ्या दिवशी नदीवर मी तिला म्हटलं, "आक्का, रड की गं. हितं कोन न्हाई."

"रडायचं हाय बाई. पर डोळं सुजलं तर म्हातारी हातानं चाचपती. तोंडावरनं हात फिरवती रोज. आदी ही धुणी हुंदेत."

रडायला जागा नव्हती तिला. घरात म्हातारीचे कान, रानात धोंडिबा, पाणवठ्यावर अख्खं गाव. मग चैत्र आला, चटणी कुटायचे दिवस. आमच्या उखळात मिरची पडली आणि हौसाक्का न बोलावता आली. मुसळ माझ्या हातातून काढून घेतलं. मिरचीचा खकाणा उठला तशी सगळ्यांच्या नाकाडोळ्यांतून धार लागली. मीही खोकत होते. तिच्याकडं बघितलं, तर तिच्या डोळ्यांतून पाणी चाललंय, छातीतून हुंदका वर येतोय आणि मुसळाच्या ठोक्याबरोबर बाहेर पडतोय. हूं... हूं... जवळ बसलेली सोनारीण काकू म्हणते, "हौसा, दम खा की गं जरा! लय तिकाट मिरची हाय ही!"

"व्हय काकू, लय तिकाट हाय," हौसाक्का म्हणाली, आणि आणखी जोरानं कुटायला लागली.

त्या वर्षी तिनं आमची कुटली, सोनारणीची कुटली, पाटलाची कुटली. खालच्या आळीपर्यंत गेली. कुणी आदल्या वर्षीचीच चटणी शिल्लक आहे म्हणालं, तर ही म्हणायची, "आसू द्या की, पाव्हनं आलं तर?" सगळा गाव म्हणे, केवढी परोपकारी बाई! संध्याकाळी सासूनं तोंड चाचपलं की आयतं उत्तर तयार, "आज पाटलाकडं चटणी हुती आत्याबाई." पुढं पाच वर्षं तिचं सुतक त्या एका महिन्यात उरकायचं. बाकीचे अकरा महिने ती हसायची.

तिची एक रीत होती, कुठल्याही अडचणीत तेच सांगायची. "सकाळचं सकाळी बगायचं, दुपारचं दुपारी. दोनी एकदम बगितलं की मान मोडती." मी नवी होते, सासरी काही झालं की जीव द्यायच्या गोष्टी करायचे. ती म्हणायची, "दे की. पर आदी ह्या शेंगा फोडून हूंदेत." शेंगा फोडून होईपर्यंत माझा राग गेलेला असायचा.

आता कुंकू लावायचं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना सांगून कळायचं नाही. नवरा गेल्याचं ठाऊक असून कपाळ भरायचं, हे त्या काळी केवढं पाप! ती रोज सकाळी आरशापुढं बसायची आणि करंड्यात बोट घालण्याआधी थोडा वेळ तशीच थांबायची. मी एकदोनदा पाहिलं. पण त्या पापातही तिनं एक मर्यादा पाळली होती. कुणाच्या लग्नात पाच सवाष्णींत उभी राहायची नाही, कुणाची ओटी भरायची नाही. बोलावणं आलं की कधी अंगात कणकण, कधी "मी बाहेरची हाय". माझा दोष माझ्यापुरता, दुसऱ्याच्या लेकीबाळींना नको, असा हिशेब. बायका मागं बोलायच्या, "पलटणवाल्याची बायकू हाय बाई, आपल्याकडं कशाला येतीया!"

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मात्र चुकायची नाही. तिथं नाव घ्यायला लागतं ना. एरवी आम्ही बायकांनी नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, वर्षातून ती एक संधी. मी तिला विचारलं, तुला तिथं जाववतं कसं? तर म्हणाली, "तेवडंच येकदा नाव तोंडात येतं गं." एका संक्रांतीला पाटलिणीनं धरलं, "हौसा, पयलं तू घे!" हौसाक्का उठली, पदर सावरला आणि खणखणीत म्हणाली,

"पेवातली हळद वर्सानं काढली, तरी पिवळा तिचा रंग,
दादूरावांचं नाव घेते, हितं न्हाई तर तितं संग."

बायका खिदळल्या. "तितं म्हंजी कुटं गं? ब्रह्मदेशाला निगालीस व्हय?" "आगगाडीचं तिकिट काडलं का?" हौसाक्काही हसली. माझ्या हातातला वाणाचा तिळगूळ खाली पडला.

त्याच साली मला दिवस गेले. ओटीभरणाच्या दिवशी ती मागच्या दारानं सटकायला लागली, तशी मी तिचा हात धरला. "आक्का, तू भरल्याबिगर मी पाटावरनं उटणार न्हाई."

"खुळी झालीस का? तुला समदं ठावं हाय!"

"ठावं हाय म्हनूनच."

तिनं तांदूळ घातले. अर्धे जमिनीवर सांडले. माझा थोरला बाळू आज सत्तरी ओलांडून ठणठणीत आहे, हे इथं लिहून ठेवते.

लढाई संपली. पलटणी परत यायला लागल्या. सहांतले पाच बापये घरी आले. आत्याबाई रोज विचारायच्या, आणि हौसाक्का कधी बोटी मिळंनात म्हणायची, कधी कैद्यांचं शेवटी सोडतात म्हणायची. धोंडिबा साताऱ्याला जाऊन कचेरीत विचारून आला, तिथं अजून बेपत्ताच लिहिलेलं. त्याला खरं सांगावं असं मी म्हटलं, तर ती म्हणाली, "सांजच्याला म्हातारीच्या कानावर जाईल, आनि सकाळच्याला तिची ताटी बांदायला लागंल."

मग एक दिवस तो पत्रातला बिरू आला. आम्ही दोघी धुण्याला गेलो होतो. खांद्यावर घोंगडं, पलटणीचे बूट गळ्यात अडकवलेले आणि पाय अनवाणी, असा एक काळासावळा माणूस उतारावरून खाली आला. आटपाडीकडचा धनगर, चालत आला होता. "दादूचं घर कुटं हाय वो?" म्हणाला. हौसाक्काच्या हातातलं धुणं पाण्यात तसंच राहिलं.

तिनं त्याला बाभळीखाली बसवलं, आपली शिदोरी दिली. त्याचं खाणं होऊ दिलं. मग विचारलं, "पानी मिळालं का त्येस्नी?"

"व्हय वैनी. माज्या हातानं पाजलं."

"काय बोललं?"

"आईचं ईचारलं. आई जेवली आसंल का म्हनून."

ती वाट बघत राहिली. "आनि?"

बिरूनं मान खाली घातली. "आनि काय न्हाई, वैनी."

मला त्याचा असा राग आला! तेवढं एक खोटं बोलायला काय झालं होतं त्याला? हौसाक्कानं मात्र पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बरं झालं सांगितलंसा. आता घरी चला. पर म्हातारीला ह्यातलं काय कळता कामा नये. त्ये कैदेत हाईत म्हनायचं."

"मला खोटं बोलता येत न्हाई, वैनी. बिरोबाची आन हाय."

"मग खरंच सांगा. जित्तेपनीचं सांगा."

आणि त्यानं तेच केलं. सोप्यात बसून तासभर सांगितलं. दादू कसा सगळ्यांच्या वाटणीच्या रोट्या भाजायचा, खेचराला कसा गाणं म्हणून दाखवायचा, एकदा साहेबाच्या टोपीत कोंबडीनं अंडं घातलं तेव्हा कसा लपून हसला. म्हातारी त्याचा हात दोन्ही हातांत धरून ऐकत होती, मधेमधे हसत होती. एकही शब्द खोटा नव्हता. शेवटी तिनं विचारलं, "कवा येनार रं माजा ल्योक?" हौसाक्का आतून म्हणाली, "त्येला काय ठावं आत्याबाई, तो सरकार हाय व्हय?" म्हातारी म्हणाली, "व्हय की, तो तरी काय सांगनार," आणि त्याच्या तोंडावरून हात फिरवला. ओलं लागलं असणार हाताला. तो तिनं नुसता पदराला पुसला.

त्या दिवसानंतर हौसाक्का अधिकच जखडली. मला म्हणाली, "मरताना आईचं नाव काडलं त्येनी. म्हंजी मला ती सोपवूनच गेलं न्हवं?" तिचा भाऊ दोनदा न्यायला आला. माहेर दोन कोसांवर, पण म्हातारी म्हणायची, "हौसा गेली तर मला हात कोन वाजवून दावंल?" बाप वारला तेव्हा सकाळी गेली आणि दिवेलागणीला परत आली. पाच वर्षांत तेवढंच माहेर. एकदा मी चिडून विचारलं, "हे कवर चालायचं आक्का?" तर म्हणाली, "त्या हाईत तवर." आणि लगेच माझं तोंड दाबलं, कारण म्हातारीनं मरावं अशी वाट बघितल्यासारखं ते वाटलं. "तसं न्हाई गं," म्हणाली. "तसं न्हाई. शंबर वर्सं जगूंदे."

स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही सांगलीला आलो. मालकांना हळदीच्या पेठेत काम लागलं. त्याच्याही पुढच्या उन्हाळ्यात निरोप आला, आत्याबाई गेल्या. दहाव्याला आम्ही मोटारीनं गावी गेलो.

घाटावर सगळा गाव. पुरुष पुढं, आम्ही बायका मागं पायऱ्यांवर. हौसाक्का माझ्याशेजारी, कपाळभर कुंकू, हातात हिरवा चुडा. पिंड ठेवला. कावळे समोरच्या पिंपळावर बसलेले, पण एकही खाली येईना. ऊन वर आलं. आमच्याकडं मग मेलेल्याच्या मनातलं ओळखून वचन द्यायची रीत आहे. कुणी म्हणालं, धोंडिबाचं लगीन करू. कावळा हलेना. कुणी म्हणालं, म्हस इकनार न्हाई. तरी नाही. मग म्हातारी माणसं म्हणाली, "दादूत जीव आडकला आसंल तिचा."

धोंडिबा ओलेत्यानं उभा राहिला. रडत होता. हात जोडून म्हणाला, "आये, दादाला म्या हुडकून आनीन. तो येस्तवर वैनीचं कुक्कू आमी जपू. तिला ह्या घरातनं हलू देनार न्हाई."

प्रेमानंच बोलला तो. पण हौसाक्काला ते जन्माचं दावं होतं. शेजारी बघितलं, तर हौसाक्का उठली होती. बायकांतून वाट काढत ती खाली गेली, पुरुषांच्याही पुढं, अगदी पिंडापाशी.

"आत्याबाई," ती म्हणाली, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वाट बगू नगा. तुमचा ल्योक पाच वर्सं झाली, तुमच्या आदीच फुडं गेलाय. पानी पिऊन गेला. तुमचंच नाव घेऊन गेला. मी तुमाला फशिवलं. आता तितं दोगं एकमेकाला गाटा."

धोंडिबा म्हणाला, "वैनी, काय बोलताय ह्ये?"

"खरं बोलते भावजी. पत्र आलं हुतं. शेवंतानं वाचलंय."

सगळी तोंडं माझ्याकडं वळली. मी मान हलवली. मागून एक म्हातारी कळवळून म्हणाली, "आगं बया! पाच वर्सं मेल्या मानसाच्या नावानं कुक्कू लावलंस?"

"लावलं," हौसाक्का म्हणाली.

कुणीतरी "पिंड!" म्हणून ओरडलं, तेव्हा आम्ही भानावर आलो. भात विस्कटलेला होता आणि कावळा पिंपळावर परतही गेला होता. केव्हा शिवला, कुठल्या शब्दाला शिवला, एवढ्या गावातल्या एकानंही पाहिलं नाही. सगळ्यांचे डोळे तिच्याकडं लागलेले.

मग बायकांनी जे करायचं ते केलं. त्याच म्हातारीनं तिला नदीच्या कडेला बसवून दगड घेतला. हौसाक्कानं हात स्वतःच पुढं केले. झाल्यावर ती आपल्या मनगटांकडं बघत राहिली, ती दुसऱ्या कुणाची असावीत तसं. मला म्हणाली, "शेवंते, लय हलकं लागत्यात गं हात."

परतीच्या मोटारीची वेळ झाली होती. मालक हाका मारत होते. पुढं कळलं की भाऊ येऊन तिला माहेरी घेऊन गेला, तिथं ती पुष्कळ वर्षं जगली. माझी तिची गाठ मात्र पडली नाही. त्या दिवशी मी पायऱ्या चढून वर आले आणि वळून पाहिलं, तर ती शेवटच्या पायरीवर बसली होती, कोपरापर्यंत हात पाण्यात सोडून, आणि रडत होती. तोंड उघडं टाकून, गळा काढून, पार पैलतीराला ऐकू जाईल असं. एक बाई "गप गं, गप" म्हणत तिच्याकडं निघाली. धोंडिबानं तिला आडवा हात घातला.

"ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "रडू द्या वैनीला."